ओढा की वतन? स्तोत्र १२४ मधील एका शब्दाविषयी

भंडारा जिल्ह्याच्या पवनी तालुक्यात, गोसीखुर्द येथील धरणाच्या माथ्यावर उभे राहून वरच्या बाजूस पाहिले म्हणजे वैनगंगेचे पात्र दिसत नाही. दिसते ते केवळ पाणी. या धरणाची पायाभरणी २२ एप्रिल १९८८ रोजी पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते झाली. पुढे त्याला 'इंदिरा सागर' हे नाव मिळाले आणि २००९ मध्ये त्याची गणना राष्ट्रीय प्रकल्पांत झाली. सुमारे साडेअकरा किलोमीटर लांबीची भिंत, तेहतीस दरवाजे आणि अडीच लाख हेक्टर जमीन भिजविण्याचा संकल्प, असा हा पसारा आहे. भंडारा आणि नागपूर या दोन जिल्ह्यांतील गावे, धानाच्या बांध्या, विहिरी आणि देवळे या पाण्याखाली गेली. ज्यांची गेली त्यांच्या याद्या झाल्या. त्या याद्यांत काही माणसे 'पात्र' ठरली, काही 'अपात्र'.

मराठी भाषेचा हा एक विचित्र योगायोग मानावा लागेल. नदीचे पात्र ज्याच्या अंगणात शिरले तो मोबदल्यास पात्र आहे की नाही, हे ठरविण्यासाठी सरकारदरबारी तोच शब्द वापरला जातो. पात्र म्हणजे भांडे, पात्र म्हणजे नदीचा मार्ग, पात्र म्हणजे योग्य, आणि नाटकात बोलणारे माणूस तेही पात्रच. 'बुडीत' या शब्दाचेही तसेच. धरणाखाली जाणारी जमीन बुडीत क्षेत्रात मोडते आणि न फिटणारे कर्ज बुडीत खात्यात. आपण मराठी माणसे या अर्थांत सहसा गोंधळत नाही, कारण शेजारचे शब्द आपल्याला वाट दाखवतात. परंतु दोन हजार वर्षांनंतर एखादा परदेशी पंडित केवळ कोशाच्या आधारे आपल्या एखाद्या पुनर्वसन-यादीचे भाषांतर करू लागला, तर त्याची काय अवस्था होईल याची कल्पना करून पाहावी. बायबलच्या जुन्या करारापुढे आपली अवस्था बरीचशी तशीच आहे.

हे सारे सुचण्याचे कारण असे. एका पावसाळ्याच्या अखेरीस नागपूरहून धर्मग्रामातील काही कुटुंबांसमवेत मी गोसीखुर्दला गेलो होतो. परतण्यापूर्वी सायंप्रार्थना झाली आणि तीत स्तोत्र १२४ वाचले गेले. जुन्या लॅटिन क्रमाने ते १२३ वे. यात्रेकरूंच्या 'आरोहण स्तोत्रां'पैकी हे एक. परमेश्वर पाठीशी नसता तर शत्रूंनी आपल्याला जिवंत गिळले असते, पाण्याने वाहून नेले असते, असा त्याचा आशय आहे. त्याची अखेरची ओळ आपल्या उपासनेत इतकी रुळली आहे, की बिशपांच्या आशीर्वादापूर्वी ती ऐकताना ती एका स्तोत्रातून आली आहे हेही आपण विसरतो. मला थांबविले ते मात्र त्याच्या चौथ्या वचनातील एका शब्दाने. पाणी अंगावरून जाण्याची गोष्ट सांगताना कवी ओढ्यासाठी, लोंढ्यासाठी जो शब्द वापरतो तो हिब्रू लिपीत नून, हेत, लामेद, हे या चार अक्षरांचा आहे. आणि नेमक्या याच चार अक्षरांत हिब्रूतील आणखी एक शब्द लिहिला जातो. त्याचा अर्थ वडिलोपार्जित जमीन, वाट्याला आलेले वतन.

ज्या ठिकाणी नदीने वतन गिळले तेथे उभे राहून ओढा आणि वतन एकाच अक्षरांत लिहिलेले पाहणे, हा अनुभव सहज विसरण्यासारखा नव्हे. परंतु अनुभव आणि अर्थ यांत अंतर असते, आणि समीक्षकाने ते आधी मोजले पाहिजे.

प्राचीन हिब्रू लिपीत प्रामुख्याने व्यंजनेच लिहीत. स्वरांच्या खुणा मसोरा-पंडितांनी कितीतरी नंतर, साधारणपणे इसवी सनाच्या सहाव्या ते दहाव्या शतकांच्या दरम्यान बसविल्या. ज्यांनी मोडीचे कागद वाचले आहेत त्यांना या अडचणीची थोडीशी चव ठाऊक आहे. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळला जात नसे, आणि वाचणाऱ्याने संदर्भावरून ठरवायचे. हिब्रूत तर सगळाच स्वर वाचणाऱ्याने घालायचा. 'नहल' म्हणजे ओढा. त्याला शेवटी एक आकार जोडून काव्यात किंवा दिशा दाखविण्यासाठी 'नह्ला' असे रूप होते. वतनाला 'नहला' म्हणतात, तीन अक्षरे सुटी उच्चारून. (गंमत अशी की देवनागरीत 'नहला' असे लिहिले तर मराठी वाचक मधला अकार गिळून ते 'नह्ला' असेच वाचणार. म्हणजे मसोरा-पंडितांनी बिंदू-रेषा देऊन जो भेद राखला तो आपल्या जिभेवर पुन्हा पुसला जातो.)

मग स्तोत्रकर्त्याला वतन म्हणायचे होते का? नाही. येथे व्याकरण निर्णय देते. वचनातील 'वरून गेला' हे क्रियापद पुल्लिंगी आहे. ओढा हिब्रूत पुल्लिंगी, वतन स्त्रीलिंगी. मराठीतही 'लोंढा गेला' आणि 'जमीन गेली' यांत क्रियापद आपली साक्ष देतेच. शिवाय लगेच आधी पाण्याचा उल्लेख आहे आणि लगेच नंतर पुन्हा खवळलेल्या पाण्याचा. तेव्हा भाषांतरकाराने तेथे 'लोंढा' किंवा 'ओढा' लिहावे, दुसरे काही लिहू नये. कोशकारही हे दोन वेगळे शब्द मानतात; एकाच्या पोटातून दुसरा निघालेला नाही, केवळ अंगरखा सारखा आहे.

हे इतक्या स्पष्टपणे सांगण्याचे कारण, आपल्याकडे प्रवचनांत आणि लेखांत एक सवय बळावली आहे. 'मूळ हिब्रूत या शब्दाचे सात अर्थ आहेत' अशी सुरुवात करायची आणि मग ते सातही अर्थ एकाच वचनात कोंबायचे. ऐकणाऱ्याला वाटते, केवढे भांडार उघडले! जेम्स बार या विद्वानाने 'द सिमँटिक्स ऑफ बिब्लिकल लँग्वेज' या १९६१ मधील ग्रंथात या सवयीची जी झाडाझडती घेतली तिला आता साठ वर्षे उलटून गेली, तरी ती सवय सुटत नाही. 'शालोम'चेच पाहा. शांती, आरोग्य, पूर्णता, समृद्धी, देवाशी समेट हे सारे त्या एका शब्दात आहे, असे आपण शेकडो वेळा ऐकले आहे. परंतु शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकात, अकराव्या अध्यायात, दावीद उरियाला रणांगणाहून बोलावून युद्धाचे 'शालोम' विचारतो. युद्धाची शांती? अर्थात तेथे तो फक्त एवढेच विचारतो आहे की लढाई कशी काय चालली आहे. आणि ज्या माणसाची बायको त्याने घेतली आहे त्यालाच तो हे विचारतो आहे. त्या प्रसंगात 'देवाशी समेट' घुसविणे म्हणजे दाविदाच्या ढोंगाला सोज्ज्वळ करणे होय.

उलट बाजूही आहे. काही शब्द खरोखरच एकाच शरीराची अनेक अंगे असतात आणि कवी त्यांचा जाणूनबुजून उपयोग करतो. 'रूआह' म्हणजे वारा, श्वास आणि आत्मा. यहेज्केलच्या ३७ व्या अध्यायातील कोरड्या अस्थींच्या दृष्टान्तात हा एकच शब्द चार दिशांच्या वाऱ्यासाठी, मृतांत शिरणाऱ्या श्वासासाठी आणि परमेश्वराच्या आत्म्यासाठी येतो. तेथे भाषांतरकाराला तीन शब्द वापरावे लागतात आणि धागा तुटतो. मराठी खेड्यात अंगात 'वारे' येते असे म्हणतात. म्हणजे वारा आणि आत्मा यांचे नाते आपल्या भाषेलाही अपरिचित नाही. पण त्या शब्दाभोवती देवऋषी आणि घुमणे यांचा जो परिसर आहे, तो धर्मग्रंथात आणायला कोणता भाषांतरकार धजेल? येथे भाषा शब्द देते आणि समाज तो हिरावून घेतो.

मराठीत हिब्रूशी झालेली ही झटापट जुनी आहे. कोकणातील बेने इस्राएल लोकांसाठी जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये हिब्रूचे व्याकरण मराठीतून लिहिले. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबल साध्या मराठीत आणण्याचे काम केडगावला अंगावर घेतले आणि १९२२ मधील आपल्या मृत्यूपर्यंत ते तडीस नेले. आपल्या कॅथलिक परंपरेत मात्र लॅटिन वुल्गाता हीच दीर्घकाळ प्रमाण असल्याने मूळ भाषांकडे वळण्यास उशीर झाला. पोप बारावे पायस यांचे 'दिविनो आफ्लांते स्पिरितू' हे परिपत्रक ३० सप्टेंबर १९४३ चे, म्हणजे संत जेरोमच्या सणादिवशीचे. त्याने मूळ भाषांचा अभ्यास आवश्यक ठरविला. दिवस योग्यच निवडला होता, कारण ज्या जेरोमच्या लॅटिनवर आपण विसंबलो तो स्वतः बेथलेहेमात बसून यहुदी गुरूंकडून हिब्रू शिकला होता.

आणि आपल्या या चार अक्षरांनी खुद्द जेरोमलाही चकविले आहे.

गणनाच्या ३४ व्या अध्यायात वचनदत्त देशाच्या सीमा सांगितल्या आहेत. दुसऱ्या वचनात ती भूमी 'नहला', म्हणजे वतन, म्हणून मिळणार असे म्हटले आहे. पाचव्या वचनात सीमारेषा मिसरच्या ओढ्याकडे, 'नह्ला', वळते. तीन वचनांच्या अंतरात तीच अक्षरे, दोन अर्थ. येथे कोणी फसत नाही, कारण ओढ्याला मिसरचे नाव जोडलेले आहे. यहेज्केल आपल्या ग्रंथाच्या शेवटी तीच दक्षिण सीमा दोनदा आखतो, ४७ व्या अध्यायाच्या १९ व्या वचनात आणि ४८ व्या अध्यायाच्या २८ व्या वचनात. पण तो मिसरचे नाव गाळतो. उरतात ती फक्त चार अक्षरे आणि मोठा समुद्र. जेरोमपुढे स्वरांच्या खुणा नव्हत्या. पहिल्या ठिकाणी त्याने 'तोरेन्स', म्हणजे ओढा, असे भाषांतर केले. दुसऱ्या ठिकाणी, त्याच सीमेच्या त्याच शब्दाचे, 'हेरेदितास', म्हणजे वारसा. पुढे मसोरा-पंडितांनी तर दोन्ही ठिकाणी वतनाचे स्वर घातले. आजचे बहुतेक भाषांतरकार गणनाच्या आधाराने दोन्ही ठिकाणी ओढाच वाचतात, आणि सीमा सांगताना ओढाच हवा हे उघड आहे.

जेरोमची ही चूक मला प्रिय आहे. आळसाने किंवा अज्ञानाने झालेली ती चूक नव्हे. यहेज्केलचे ते शेवटचे अध्याय जमिनीच्या वाटपाने इतके भरलेले आहेत, की 'वतन' हा शब्द वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढून हलतच नाही. ज्याला सतत वाटण्यांविषयी ऐकावे लागते त्याला ओढ्यातही वाटणीच दिसते.

स्तोत्र १२४ कडे परत जाऊ. त्याच वचनात आणखी एक शब्द आहे, 'नेफेश'. लोंढा कशावरून गेला असता? आमच्या नेफेशवरून. आपण सवयीने त्याचा अर्थ 'आत्मा' किंवा 'जीव' असा करतो. पण या शब्दाच्या मुळाशी गळा, कंठ आहे. जेथून श्वास जातो आणि अन्न उतरते ती जागा. स्तोत्र ६९ च्या आरंभी पाणी नेफेशपर्यंत आले आहे, आणि योनाच्या प्रार्थनेत, माशाच्या पोटातून, तीच तक्रार आहे. बुडणारा माणूस आत्म्याविषयी बोलत नसतो, गळ्याविषयी बोलत असतो. येथे मराठीजवळ एक तयार साधन आहे, आणि ते भाषांतरकारांनी अधिक मोकळेपणाने वापरावे असे मला वाटते. आपल्याकडे प्राण कंठाशी येतात. जीव आणि गळा एकाच जागी आणणारा हा वाक्प्रचार हिब्रू कवीला आवडला असता. 'आत्मा' म्हटले की वचन कोरडे होते, पाणी उतरून जाते. २०२० च्या ऑगस्टअखेरीस वैनगंगेला आलेला पूर ज्यांनी भंडारा शहरात घराच्या माळ्यावर बसून काढला, त्यांना या वचनासाठी टीप लागणार नाही.

आता वतनाकडे. 'नहला'साठी आपल्या मराठी बायबलांत 'वतन' हा शब्द रूढ झाला, आणि तो ज्यांनी निवडला त्यांच्या काळी तो नेमका होता. पिढीजात, सहसा विकता न येणारा, कुळाशी बांधलेला हक्क. परंतु शब्दांचेही आयुष्य असते. वतनाबरोबर पाटीलकी आली तशी गावकीची राबणूकही आली. महार वतनाच्या जाचाविरुद्ध डॉ. आंबेडकरांनी दिलेला लढा आणि त्यानंतर झालेला १९५८ चा कनिष्ठ गावकामगार वतने रद्द करण्याचा कायदा ज्या कुटुंबांच्या स्मरणात आहे, त्यांच्या कानी 'परमेश्वर माझे वतन' हे शब्द गोड लागतील असे गृहीत धरता येत नाही. आणि भंडाऱ्याकडे तर वतनदारी नव्हे, मालगुजारी होती. मालगुजार गेले, त्यांचे तलाव तेवढे 'मामा तलाव' या नावाने उरले. या झाडीपट्टीतला शेतकरी आपल्या जमिनीला वतन म्हणत नाही. तो 'वावर' म्हणतो, 'बांधी' म्हणतो, आणि ती बापजाद्यांची असते. डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांच्यासारख्या अभ्यासकांनी झाडीबोलीचे जे धन गोळा केले, त्याकडे आपल्या भाषांतरकारांनी वळून पाहण्यासारखे आहे. प्रमाण मराठीत एका वेळी एकच शब्द छापता येतो हे खरे, पण प्रवचन बोलीत करता येते.

राजांच्या पहिल्या पुस्तकातील २१ वा अध्याय गोसीखुर्दला वाचावा. अहाब राजाला नाबोथाचा द्राक्षमळा हवा आहे. राजा प्रथम जुलूम करीत नाही. तो पुनर्वसनच देऊ करतो: याहून चांगला मळा घे, नाहीतर 'केसेफ' घे. केसेफ म्हणजे चांदी आणि केसेफ म्हणजे पैसा. त्या शब्दालाही दोन तोंडे आहेत. जमिनीच्या बदल्यात जमीन किंवा रोख मोबदला, हे दोन्ही पर्याय त्या एका वाक्यात हजर आहेत. नाबोथ दोन्ही नाकारतो आणि त्याचे कारण एका शब्दात सांगतो: ती आपल्या वाडवडिलांची नहला आहे. राजाच्या भाषेत 'मळा' आणि 'किंमत' आहे, नाबोथाच्या भाषेत 'नहला'. वाद जमिनीचा दिसतो, पण दोघे दोन वेगळे शब्द बोलत आहेत. घरी परतल्यावर रुसलेला राजा पत्नीला हकिगत सांगतो तेव्हा नाबोथाचे उत्तर सांगताना नेमका 'नहला' हा शब्द तो गाळतो, त्याच्या जागी 'माझा मळा' असे घालतो. मूळ मजकूर शेजारी ठेवून वाचल्याशिवाय हे लक्षात येत नाही, आणि लक्षात आले की ईजबेलपर्यंत काय पोहोचले आणि काय पोहोचले नाही ते कळते.

येथे सावध राहिले पाहिजे. धरणाला अहाब ठरविणे सोपे आहे आणि ते अन्यायाचेही आहे. अहाबाला भाजीचा बगीचा करायचा होता. येथे कोरडवाहू धानाला पाणी द्यायचे आहे, आणि त्या पाण्याची वाट पाहणारा शेतकरीही कोणाचा तरी नाबोथच आहे. लेवीयाच्या २५ व्या अध्यायात जमीन कायमची विकू नये असे सांगताना कारण दिले आहे ते मालकीचे नव्हे: भूमी परमेश्वराची, आणि तुम्ही तिच्यावर परके व उपरे. तेव्हा नहला म्हणजे सातबाऱ्यावरची मालकी असा अर्थ करणेही चूकच. तो वाटा आहे, आणि वाटा म्हटला की इतर वाटेकरी आलेच.

'नहल' या शब्दाबद्दल एक गोष्ट सांगायची राहिली. तो वैनगंगेसारख्या बारमाही नदीचा शब्द नव्हे. पावसात उफाणणारा आणि उन्हाळ्यात दगड दाखविणारा ओढा, तो नहल. ईयोब आपल्या मित्रांना याच शब्दाने दोष देतो: गरजेच्या वेळी आटणारे. म्हणून आमोसाला न्यायाची उपमा देताना नहलला 'एतान', न आटणारा, असे विशेषण जोडावे लागले. नुसता ओढा त्याला पुरेसा वाटला नाही. आश्वासने ऐकून पुनर्वसनाच्या वसाहतीत वर्षे काढलेल्या कोणालाही आमोसाची ही दक्षता समजेल.

शेवटी यहेज्केलचा ४७ वा अध्यायच पुन्हा उघडावा लागतो, कारण ही दोन्ही रूपे त्यात शेजारी नांदतात. आरंभी मंदिराच्या उंबरठ्याखालून पाणी निघते. हातात दोरी घेतलेला पुरुष ते मोजत जातो: आधी घोट्यापर्यंत, मग गुडघ्यापर्यंत, मग कमरेपर्यंत, आणि अखेर पार करता येणार नाही असा नहल. पुनरुत्थानकाळातील जलसिंचनाच्या वेळी जे प्राचीन लॅटिन गीत आपल्या मंदिरांत गायिले जात असे, त्याचा उगम याच दृश्यात आहे. त्या ओढ्याच्या काठी झाडे येतात, मृत समुद्र गोडा होतो, कोळी जाळी पसरतात. तेराव्या वचनापासून तोच अध्याय जमिनीच्या वाटपाकडे वळतो, आणि नहला, नहला हा शब्द सुरू होतो. एकोणिसाव्या वचनात जेरोमने ओढा वाचला, पण मसोरा-पंडितांनी वतनाचे स्वर घातले तो शब्द येतो. बाविसाव्या आणि तेविसाव्या वचनांत असे सांगितले आहे की तुमच्यामध्ये येऊन राहिलेल्या आणि तुमच्यात ज्यांना मुले झाली त्या उपऱ्यांनाही तुमच्याबरोबर नहला द्यावी. ज्या वंशात उपरा राहत असेल त्याच वंशात त्याचा वाटा पडावा.

त्या अध्यायात पाणी आधी मोजले गेले आहे आणि जमीन नंतर वाटली गेली आहे. गोसीखुर्दला जमीन आधी मोजली गेली. परतताना भिवापूरच्या रस्त्याला लागेपर्यंत गाडीत याच क्रमाविषयी बोलणे चालले होते, आणि आमच्यातील एका मुलीने विचारले की मग जेरोमने दुसऱ्या ठिकाणी लिहिले ते चूक कसे. मी तिला क्रियापदाचे लिंग, मिसरचा ओढा, गणनाचा अध्याय हे सारे समजावून सांगितले. तिने ते ऐकून घेतले.